पडवीपासून विहिरीपर्यंतच्या पोफळी

चौलात माणूस आजारी पडला तर आधी डॉक्टर येतो, मग शेजारी. पोफळ आजारी पडली तर आधी शेजारी येतात, आणि डॉक्टर बहुधा येतच नाही. कोंडाजींच्या वाडीतली पहिली पोफळ मार्गशीर्षात पिवळी पडली, तेव्हा आळीतली झाडून सारी माणसं बघून गेली. प्रत्येकाने खोडावर थाप मारली, मान मोडेस्तोवर शेंड्याकडे बघितलं आणि "काहीतरी झालंय खरं" असं निदान केलं. त्या निदानाबद्दल आळीत कुणाचंही दुमत नव्हतं.

मग दुसरी पिवळी पडली. मग तिसरी. आधी पानांची टोकं करपायची, मग सबंध झावळी लोंबायला लागायची, आणि एक दिवस झाडाचा शेंडाच भिजलेल्या कोंबड्यासारखा मान टाकून बसायचा.

कोंडाजींच्या सुनेला, रुचिकाला, कपडे वाळत घालताना हे सगळं दिसायचं. या पोफळी साध्या नव्हत्या. वादळाने वाडी आडवी केली त्यानंतर सासऱ्यांनी स्वतः खड्डे काढून त्या लावल्या होत्या. केळीच्या सावलीत वाढवल्या होत्या. उन्हाळ्यात त्यांना ऊन लागू नये म्हणून हा माणूस स्वतः उन्हात उभा राहायचा. यंदा काहींना पहिला फुलोरा, पहिली पोय, धरली होती, आणि कोंडाजी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अशी दाखवत होते की जणू घरात पाळणाच हललाय.

घरातला पाळणा अजून हलला नव्हता. रुचिकाच्या लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती. घरात त्यावर कुणी अक्षर काढत नसे, आणि न काढलेलं ते अक्षर रुचिकाला दिवसभर ऐकू येत असे.

त्यात तिचे वडील बुधाजी पडवीत मुक्कामाला होते. ते मूळचे उरणकडचे. जन्म मिठागरात गेला. पुढे मिठागरावर भराव पडला, त्यावर गोदाम उभं राहिलं, आणि त्यांचा मुलगा अल्पेश त्याच गोदामातला माल ट्रकने वाहू लागला. अल्पेशने सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बुधाजी एकदा लिफ्टने खाली आले ते पुन्हा वर जाईनात. वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसून राहिले. शेवटी अल्पेशने त्यांना टेम्पोत घालून दिवाळीला "आठ दिवस" बहिणीकडे आणून सोडलं. ते आठ दिवस आता माघात शिरले होते.

अडचण अशी की बुधाजी जुन्या वळणाचे. लेकीला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, हे त्यांच्यात बापजाद्यांपासून चालत आलेलं. यावर त्यांनी तोड काढली होती. येताना टेम्पोत जाड्या मिठाच्या गोणी टाकून आणल्या. "माझ्या भातात माझंच मीठ घाला, विहीनबाय. म्हंजे मी तुमचं मीठ खाल्लं न्हाय," असं त्यांनी रुचिकाच्या सासूला, आवडाबाईंना, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आवडाबाईंनी एका गोणीतलं मीठ लोणच्यासाठी बरणीत भरलं, बाकीच्या गोणी पडवीत त्यांच्या खाटेशेजारी रचल्या आणि भातात घरचंच मीठ घालत राहिल्या. बुधाजींना फरक कळला नाही. कळला असेल तर बोलले नाहीत.

तपासाच्या सगळ्या बैठका त्या गोणींवर बसूनच झाल्या. रुचिकाचा नवरा हर्षद कंपनीतून येताना मोबाइलवर व्हिडिओ बघत यायचा आणि रोज नवीन बुरशीचं नाव सांगायचा. रेवदंड्याच्या खतवाल्याने निळ्या बाटलीतलं औषध दिलं. ते मारल्यावर पानं निळी झाली, पण पिवळी व्हायची थांबली नाहीत. शेजारच्या चंद्राबाईंनी सांगितलं, "वाडीच्या राखणदार देवाला यंदा नारळ दिला काय? न्हाय ना? मग!" कोंडाजींनी नारळ दिला. राखणदाराने तो ठेवून घेतला.

"मला विचाराल तर पाणी," कोंडाजी गोणीवर मांडी बदलत म्हणाले. "पलीकडं बाळाजीनं आपल्या खानावळीच्या पाहुण्यांसाठी पोहायचा तलाव बांधला, तेव्हापासून हे सुरू झालंय."

"तलाव बांधून तीन वर्षं झाली," हर्षद वडिलांना म्हणाला.

"हळूहळू चढतं ते."

या तपासात सर्वांत जास्त उत्साह होता तो बुधाजींना. ते रोज सकाळी वाडीतून फेरी मारायचे, खोडं चाचपायचे, येऊन सांगायचे, "आज विहिरीकडची दोन वाईच पिवली पडलीत. कालजी करू नका, व्याही. मी हाय." हा काय करणार, असं कोंडाजींच्या मनात यायचं, पण व्याह्याला असं विचारायची रीत नाही. गोणी तेवढ्या जरा खाली बसल्या होत्या. एवढी माणसं रोज बसल्यावर गोणी खाली बसणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

एके सकाळी कोंडाजी रेवदंड्याला गेले होते आणि आवडाबाई मासळी घ्यायला. रुचिका गळून पडलेल्या झावळ्या गोळा करायला वाडीत गेली, तर वडील एका पोफळीपुढे उकिडवे बसलेले. हातात तुपाचा जुना पत्र्याचा डबा. डबा खोडाभोवतीच्या आळ्यात कलता करून, तळहाताने ते काहीतरी पांढरं गोल गोल पसरत होते, रांगोळी घालावी इतक्या निगुतीने.

"बाबा, काय करताय?"

बुधाजींनी चटकन इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. औषध देतोय."

रुचिकाने वाकून एक खडा उचलला. जिभेवर ठेवायची गरज नव्हती, पण ठेवला. मग तिने डोळे मिटून घेतले.

"बाबा, हे मीठ हाय."

"मग काय साखर घालू? आपल्या घरामागच्या नारलांना तुझी आई दर साली मीठ घालायची. कसं लगडायचं झार! बोरीचं झार लाजंल असं."

"तो नारळ, बाबा. ही पोफळ."

"एका आयशीची लेकरं ती. एक जाड झालं, एक बारीक राह्यलं."

"कधीपासून घालताय?"

"आलो तवापासून. रोज एका झाराला डबाभर." बुधाजी समाधानाने हात झटकत उठले. "लेकीच्या घरी दोन वेळा जेवतो. रिकाम्या हातानं जेवू? तुझ्या सासऱ्याला पैशे दिले तर ते घेनार न्हाईत. मग म्हटलं, त्यांचा जीव ज्यात हाय त्यालाच देऊ. या हाताचं त्या हाताला कलाया नको. आता ही पोरं अशक्त झालीत म्हनून हल्ली दोन-दोन डबे देतो."

रुचिकाने मान वर केली. पडवीच्या पायरीपासून विहिरीकडे जाणारी पायवाट होती. बुधाजी सकाळी तोंड धुवायला त्याच वाटेने जात. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या पोफळी पिवळ्या होत्या. वाटेपासून चार पावलं आत सगळं हिरवंगार होतं. एवढं उघड होतं की, आजवर कुणाला ते दिसलं नाही याचीच तिला भीती वाटली. उद्या दिसेल. परवा दिसेल.

"बाबा…" ती म्हणाली.

"यातलं एक जरी उभं राह्यलं ना रुचे," बुधाजी त्या मरायला टेकलेल्या खोडावर हात फिरवत म्हणाले, "तरी मला वाटंल, लेकीच्या घरी बाप काईतरी करून गेला."

मिठाने काय केलंय, ते रुचिकाने सांगितलं नाही. तिने दुसरंच सांगितलं. "मामांना आपल्या झाडांना दुसऱ्यानं हात लावलेला चालत नाही, बाबा. आजपासून बंद करा."

"व्हय?" बुधाजींनी डब्याचं झाकण लावलं. "मग मी काय करू?"

याचं उत्तर तिला दुपारी मिळालं. बुधाजी पानावर बसले नाहीत. पोटात गुबारा धरलाय म्हणाले. संध्याकाळी कपभर चहा, तोही अर्धा. दुसऱ्या दिवशी गुबारा तसाच. आवडाबाईंनी ओवा दिला, हिंग दिला, बुधाजींनी सगळं घेतलं. अन्नाला तेवढा हात लावला नाही. देणं बंद म्हणजे घेणं बंद, असा त्यांचा सरळ हिशेब होता, आणि तो घरात फक्त रुचिकाला कळत होता.

मीठ चालू राहिलं तर झाडं जातात, बंद केलं तर बाप उपाशी. खरं सांगावं तर सासरे काय म्हणतील? म्हणतील, नातवंड तर दिलं नाहीस, वर बापाकडून वाडी मारवलीस. ते असं म्हणणारे नव्हते. पण न म्हणता नुसते गप्प राहिले असते तर? त्या घरातली एक शांतता तिला आधीच पुरून उरत होती. आणि बाबांना कळलं तर ते उभ्या उभ्या निघतील. कुठे? सातव्या मजल्यावर.

मिठावर गोडं पाणी सोडावं म्हणून तिने कुणाला न सांगता मोटर जास्त वेळ चालू ठेवली. कोंडाजी ओरडतच आले, "कोण बुडवतंय माझ्या पोरांना! मुळं कुजतील!" तिने मोटर बंद केली आणि आत जाऊन भांडी पुन्हा घासली. स्वच्छच होती ती.

तिसऱ्या दिवशी कृषी सहायक आले. स्वप्निल नावाचा तरुण मुलगा, मोटारसायकलवर, तोंडाला रुमाल. कितीतरी गावं त्याच्या एकट्याच्या गळ्यात होती, म्हणून तो कोणत्याही गावात चहा घेण्याइतकाच थांबे. पण या वाडीत शिरल्यावर तो चहा विसरला. त्याने आळ्यातली माती वाटीत घेतली, पाणी घालून ढवळली, खिशातून थर्मामीटरसारखी नळी काढून त्यात बुडवली. आकडा बघून नळी झटकली, पुसली, पुन्हा बुडवली.

"काका, माती खारी आहे."

"किती?"

"समुद्राला लाजवेल एवढी नाही," स्वप्निल म्हणाला, "पण समुद्र ओळख दाखवेल एवढी आहे."

रुचिका चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे कुणाला न देताच जोत्यावर ठेवून दिला. बुधाजी पडवीत खाटेवर पडून होते. दोन दिवसांच्या उपासाने डोळे आत गेले होते.

"बाळाजी!" कोंडाजींनी कुंपणाकडे तोंड करून हाक मारली. ती हाक नव्हतीच. "बाळाजी, बाहेर ये!"

स्वप्निल म्हणत होता, "काका, थांबा, विहिरीचं पाणी बघू दे," आणि त्याने ते बघितलंही. पाणी गोडं निघालं. पण तोवर बाळाजी बनियनवर कुंपण ओलांडून आला होता. वादळाच्या दिवशी दोन्ही घरांची कौलं उडाली, तेव्हा हे दोघे एकाच पत्र्याखाली डोकं घालून बसले होते. तेव्हापासून एकमेकांच्या घरचं कालवण वाटीने इकडून तिकडे जात असे.

"तुझ्या तलावाचं पाणी माझ्या वाडीत सोडतोस," कोंडाजी म्हणाले.

"कोंडाजीकाका, माझ्या तलावात पाणी आहे कुठं? दिवाळीपासून गळतोय तो. पाहुणे त्यात खुर्च्या टाकून बसतात."

"गळतोय ना? गळून जातंय कुठं? माझ्या वाडीत!"

"अहो, गोडं पाणी ते!"

"गोडं दिसतं तुझं सगळंच! मी रेवदंड्याला जातो, पोलिसात देतो. साहेब, तुम्ही साक्षीला चला."

बाळाजीचा चेहरा पडला. रागाने नव्हे, रागावायचंही त्याला सुचेना. "पोलिसात?" तो हळूच म्हणाला. "मला?"

कोंडाजी खुंटीवरचा सदरा काढायला वळले. आता सदऱ्याची बटणं लागेपर्यंतच वेळ होता.

"मीठ मी घातलंय," रुचिका म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आपण एवढ्या मोठ्याने बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "मामा, बाळाजीकाकांचं काही नाही. मी घातलं. मला वाटलं, नारळासारखं…"

"खोटं बोलते ती."

बुधाजी खाटेवर उठून बसले होते. भिंतीला धरून ते उभे राहिले, आळ्यापर्यंत आले आणि खाली बोट दाखवलं. "हिला जमंल व्हय असं? ही बुंध्याशी ढीग करून ठेवंल. हे बघा, कसं पसरलंय. सगलीकडं सारखं. मिठागरात पन्नास वर्षं काढली तवा हात बसला." एवढं बोलून होईस्तोवर त्यांच्या आवाजात अभिमान होता. मग तो कुठेतरी अडला. त्यांनी स्वप्निलकडे पाहिलं. "साहेब, म्हंजे… हे मिठानं झालं?"

स्वप्निलने रुमालाची गाठ उगाचच सोडली, बांधली. "नारळाला थोडं चालतं, बाबा. पोफळीला नाही सोसत."

बुधाजी जिथे होते तिथेच आळ्याच्या कडेला बसले. "मी त्यांना दोन-दोन डबे दिले," ते म्हणाले. "अशक्त झाली म्हनून."

कोंडाजींच्या सदऱ्याचं एक बटण लागलं होतं, तेही चुकीच्या काजात.

"पण कशाला?" शेवटी त्यांनी विचारलं. "व्याही, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमच्या घरी दोन टाइम जेवतो. रुचीला अजून… देवानं दिलं न्हाय. बापानं लेकीच्या घरचं पानी फुकट पिऊ नये. म्हटलं, जेवनाचं काईतरी फेडावं."

रुचिका सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. झाडं मेली हे कळलं तेव्हा तो चेहरा नुसता उतरला होता. आता तो लाल झाला.

"फेडावं?" कोंडाजी म्हणाले. "म्हणजे दिवाळीपासून माझ्या घरी जेवून तुम्ही त्याचं बिल भरत होता? मी काय खानावळ काढलीय?"

"खानावळीतसुद्धा एवढं घेत नाहीत, काका," बाळाजी म्हणाला. त्याचीच खानावळ होती, त्यामुळे तो अधिकाराने बोलत होता.

"तू गप! तुझ्याशी नंतर बोलतो. तुझी माफीबिफी काय असेल ती." कोंडाजी परत बुधाजींकडे वळले. "वादळानं वाडी नेली तेव्हा मी वादळावर रागावलो नाही. तुम्ही अजाणता झाडं घालवलीत, त्याचंही एक वेळ गिळीन. पण माझ्या चुलीवरचा भात तुम्ही उधारीवर खाल्लात, व्याही! हे मी कुणाला सांगू?"

"चुकलं," बुधाजी म्हणाले आणि जमिनीवर हात टेकून उठायला लागले. दोन दिवसांच्या रिकाम्या पोटाने ते जमेना. रुचिका धावली, तिने दंडाला धरून उठवलं. दंड तिच्या मुठीत मावत होता. "अलिबागला जानारी यष्टी कधी हाय, रुचे? माझी पिशवी आन."

तिने पिशवी आणली नाही. ती तशीच त्यांना धरून उभी राहिली. कोंडाजी पाठ करून उभे होते. "थांबा" हा शब्द त्या पाठीतून निघेल, म्हणून ती वाट बघत होती, आणि तो निघत नव्हता.

निघाला तो माजघरातून. "कुणी कुठं जायचं नाही," आवडाबाई दारात येऊन म्हणाल्या. हातात भाताची पळी होती. "पानं मांडलीत."

"विहीनबाय, मला…"

"तुमचा गुबारा कळला मला. ओव्याचा डबा संपवलात माझा." मग त्या रुचिकाकडे न बघता, तिच्या अंगावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या, "मूल व्हायचं तेव्हा होईल. नाही झालं तर नाही. ही पोर काय पोयीची वाट बघत लावलेली पोफळ आहे? ही घरातलं माणूस आहे, आणि तिचा बाप घरातल्या माणसाचा बाप आहे. त्यानं तहानलेलं बसावं असं कुठल्या देवानं सांगितलं असेल, तर त्या देवाला माझ्याकडं पाठवा. भात निवतोय."

पाच वर्षांत त्या घरात हे पहिल्यांदा बोललं गेलं, आणि तेही हातात पळी घेऊन, कृषी सहायकासमोर. रुचिकाला काय करावं कळेना, म्हणून तिने पदराने वडिलांच्या हाताची माती पुसली.

कोंडाजींनी चुकीच्या काजातलं बटण काढलं. "एक अट आहे," ते भिंतीला म्हणाले. "हात हलवत बसायचं, हात हलवत उठायचं. काही द्यायचं नाही. माझ्या वाडीत बोट लावायचं नाही. जमेल?"

बुधाजींनी पुष्कळ विचार केला. "अवघड हाय," ते खरं ते म्हणाले.

"मलाही अवघड आहे. चला."

स्वप्निल आणि बाळाजी दोघांनाही पंगतीला बसवलं. नाही म्हणायची ताकद तिथे कुणात उरली नव्हती. बसता बसता स्वप्निलने उपाय सांगितला: आळ्यातली वरची माती खरवडून काढायची, नवी घालायची, गोडं पाणी सोडून खार खाली धुऊन न्यायचा. ज्यांचा मधला कोंब हिरवा आहे त्या कदाचित वाचतील. "कदाचित," तो पुन्हा म्हणाला. "पावसाळ्याआधी काही सांगता येत नाही."

पानात बोंबलाचं कालवण होतं, भात होता. बुधाजी पानाकडे बघत बसले. सगळ्यांचे हात थांबले होते. रुचिका दारात उभी होती, तिला वाटलं, आता ते उठतील. त्यांनी पहिला घास केला, धरून ठेवला, आणि मग चोरी करावी तसा पटकन तोंडात टाकला. दुसरा जरा सावकाश. तिसऱ्यानंतर ते कुणाकडे बघेनासे झाले.

"रुचे, भात आन."

तिने आणला. तोही संपला. पुन्हा आणला. कोंडाजी आपला घास हातात धरून व्याह्यांकडे बघत राहिले. दिवाळीपासून हा माणूस आपल्या घरी अर्धपोटी जेवत होता, हे त्यांच्या ध्यानात येत होतं; तांदूळ या हिशेबाने कसे पुरणार, हेही बहुधा येत होतं. आवडाबाई दुसऱ्यांदा भात टाकायला उठल्या.

रुचिका रिकामं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली. खिडकीतून विहिरीकडची पिवळी रांग दिसत होती. शेवटच्या झाडाच्या शेंड्यात काहीतरी उभं, टोकदार दिसत होतं. तो नवा कोंब होता की वाळून ताठ झालेलं पान, ते उन्हामुळे कळेना. डोळे बारीक करून ती बघत राहिली. एकदा हिरवं वाटे, एकदा नाही.

"रुचे," बाहेरून हाक आली, "कालवन संपलं काय?"

"आणते, बाबा," ती म्हणाली. डोळे तिने खिडकीतून काढले नव्हते.